आमची वाटचाल : परत आलेल्या बॅगांची खुंटी

बाइकवर बांधायच्या बॅगा बनवणाऱ्या आमच्या वर्कशॉपमध्ये शिरलात की डाव्या हाताला भिंतीवर खुंट्यांची एक लांब पट्टी दिसेल. तिच्यावर लटकणाऱ्या बॅगा विकायला नाहीत. त्या गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या आहेत : कुणाचा तळ जळलेला, कुणाची चेन उसवलेली, कुणाचा पट्टा तुटलेला. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी त्याला मशीनवर बसवत नाही, त्या खुंट्यांसमोर उभं करतो. आमचे जुने कारागीर चाचा म्हणतात, आपलं दुकान म्हणजे हीच पट्टी, बाकी सगळं सामान.

मूळ धंदा आबांचा. कोल्हापुरात उद्यमनगरात रिक्षाचे हूड, जीपचे टप, ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचे. जाड सुईचं एक मशीन, ताडपत्रीचे तागे, रेक्झिनचा वास आणि आबांच्या बरोबरीनं काम करणारे चाचा. हुडाला लोखंडी सांगाडा असतो. कापड नीट बेतलं, ताणून बसवलं, की वारा-पावसाचं काम झालं. बाइकवरच्या बॅगेला तसा सांगाडा नसतो, हे कळेपर्यंत आमची दोन वर्षं गेली.

झालं असं, की 2008 साली बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ पल्सर घेऊन आले. लेहला जायचंय म्हणाले, सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबेल अशी बॅग शिवून द्या. चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, ‘‘म्हंजे पडशीच की ओ ही!’’ फर्मासुद्धा न काढता, वर्तमानपत्र सीटवर टाकून माप घेतलं. जीपच्या टपातलं उरलेलं कापड, दुहेरी टीप, कडेनं गोट. तीन दिवसांत पडशी तयार.

महिन्याभरानं ती परत आली. डावी पिशवी धुळीनं माखलेली पण धडधाकट. उजवीचा तळ वितळून गुळासारखा घट्ट झालेला, आणि त्यात त्यांचा स्वेटर चिकटलेला. सायलेन्सर उजवीकडे, हे आम्हा तिघांच्याही डोळ्यांसमोर होतं. पण उभ्या गाडीवर पिशवी सायलेन्सरपासून चांगली चार बोटं दूर होती. आत सामान भरल्यावर ती खाली ओघळते आणि खड्ड्यात गाडी दबली की आणखी खाली येते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. डावीकडची का वाचली? साडीगार्डमुळे. आपल्याकडे कायद्यानंच मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं काहीतरी लागतं, म्हणून डावीकडे ती जाळी असते. बाइकवाली पोरं ती पहिल्यांदा काढून फेकतात, दिसायला बरी नाही म्हणून. आमच्या दृष्टीनं तो बॅगेला मिळालेला फुकटचा सांगाडा आहे. तेव्हापासून उजव्या पिशवीचा तळ आम्ही चढा ठेवतो, खाली उष्णता अडवणारं चंदेरी कापड लावतो, आणि माप घेताना गिऱ्हाइकाला सीटवर बसवून मागं आणखी एकाला बसवतो. गृहस्थांनी पैसे परत मागितले नाहीत. नवी पडशी घेतली आणि जळकी आम्हाला ठेवायला दिली. पहिल्या खुंटीवर तीच आहे, स्वेटरच्या लोकरीसकट.

दुसरी खुंटी पावसाची. कापड वॉटरप्रूफ आणलं म्हणजे बॅग वॉटरप्रूफ झाली, असं आम्हालाही वाटायचं. पण शिलाई म्हणजे ओळीनं पाडलेली भोकं. आम्ही गगनबावड्याला जाऊन बघितलं. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटर, आणि जुलैमध्ये तिथला पाऊस कुणाची भीड ठेवत नाही. आत कोरडी वर्तमानपत्रं भरून निघालो. घाटाच्या तोंडाशी चहा घेतला आणि परत आल्यावर बॅग उघडली, तर प्रत्येक टिपेखाली कागदावर ओल्या रेघा, अगदी पट्टीनं आखल्यासारख्या. आबा ते कागद उजेडात धरून बराच वेळ बघत बसले होते. तीस वर्षं शिवलेल्या हुडांचं पाणी आतल्या माणसाच्या मानेवर कसं पडत असेल, ते त्या दिवशी दिसलं म्हणाले.

मग शिलाई आत आणि वर दुसरी झाकपिशवी, असं काही वर्षं चाललं. शेवटी गरम हवेनं जोड चिकटवणारं सेकंडहँड मशीन घेतलं, पीव्हीसीचा थर असलेलं पॉलिस्टर कापड आणलं, आणि तोंडाला चेन न लावता ते तीनदा गुंडाळून बक्कल लावायची पद्धत सुरू केली. चाचांना हे आवडलं नाही. सुई नाही, दोरा नाही, मग कारागीर कशाला, असं म्हणायचे. आता जोडावर रूळ फिरवण्यात त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही.

पट्ट्यांचं प्रकरण सगळ्यात धोक्याचं, म्हणून ते जास्त मनाला लागलं. सुरुवातीला आम्ही नायलॉनचे पट्टे वापरायचो. मजबूत, स्वस्त, सगळीकडे मिळणारे. पण नायलॉन भिजला की ताण बसून लांबतो. सकाळी आवळून बांधलेली बॅग दुपारी पावसात सैल झालेली असते, आणि चालवणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही. आंबोली घाटात आमच्या एका गिऱ्हाइकाच्या पट्ट्याचं मोकळं टोक मागच्या चाकाच्या चेनमध्ये गेलं. चढ होता, वेग कमी होता, गाडी जागीच अडकली आणि तो गुडघ्यावर निभावला. त्याचा फोन आला त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी शिल्लक नायलॉन बाजूला काढला आणि पॉलिस्टरवर आलो. पट्ट्याची उरलेली शेपटी खोवायला प्रत्येक बक्कलाशेजारी इलॅस्टिकची कडी आली. दोन रुपयांची कडी.

2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन बाइक आली आणि मागणी एकदम बदलली. लोक बॅगा अडकवायला लोखंडी फ्रेम मागू लागले. तेही करून बघितलं. वेल्डिंग स्वतःचं नव्हतं, बाहेरून करून घ्यायचो, आणि खराब रस्त्यावर जोड तडकायचे. दीड वर्षात तो नाद सोडला.

2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा प्रवासी बॅगांवर 28 टक्के कर होता. नोव्हेंबरात तो 18 वर आला. मधले चार महिने गिऱ्हाइकाला भाव सांगताना जीभ अडखळायची. त्या दिवाळीला आबांनी आपली जुनी रिक्षा-हुडांची वही काढली आणि कामगारांचे पगार त्या कामातून निघाले. लॉकडाऊनबद्दल वेगळं काय सांगू, सगळ्यांचं झालं तेच झालं.

सध्या दुकानात सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे छताला टांगलेला हुकाचा वजनकाटा. लांब जाणाऱ्याला आम्ही सांगतो, सामान इथं आणूनच भरा. दोन्ही पिशव्या तोलायच्या. हत्यारं, सुटे भाग खाली आणि पुढच्या बाजूला, मांडीच्या जवळ. कपडे वर आणि मागं. लोक नेमकं उलट करतात : जड ते सगळं टेल बॅगेत, मागच्या चाकाच्याही पलीकडे, आणि मग हँडल हलकं लागतंय म्हणतात. मनालीहून लेहला जाणाऱ्यांचा पेट्रोलचा डबाही असतो, कारण तांडीच्या पंपावर पाटीच आहे, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. पाच लिटर पेट्रोल म्हणजे पावणेचार किलो. एका बाजूला एकच डबा बांधून निघालात तर हँडल दिवसभर एकीकडे ओढत राहतं. मध्यंतरी एकानं काट्यावर प्रेशर कुकर ठेवला. तो काढायला लावला, तर खालून दोन किलो भडंग निघालं. भडंग राहू दिलं. कोल्हापूरचा माणूस भडंगाशिवाय कुठे जाईल?

त्याच भडंगानं घात केला. तो गेल्या आठवड्यात बॅग घेऊन परत आला. आंबा घाटात चहाला थांबला होता, माकडांनी वरचं कापड दातांनी उभं फाडलं आणि भडंग नेलं. बक्कल, पट्टे, जोड सगळं शाबूत. बॅग खुंटीवर लावली आहे. चाचा रोज येता-जाता तिच्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत, म्हणजे डोक्यात काहीतरी शिजतंय.