सातवीचा लायब्ररीचा तास
आज सातवीतला एक मुलगा, जो जूनपासून लायब्ररीच्या तासाला नुसता खिडकीपाशी बसून राहायचा, तो आपणहून टेबलाजवळ आला आणि म्हणाला, बाई सापांचं पुस्तक आहे का? काल त्यांच्या गोठ्यामागे धामण निघाली होती आणि सगळे नाग नाग करत काठ्या घेऊन धावले, मारलंच तिला. हे सांगताना त्याचा आवाज कापत होता.

मी त्याला 597.96 च्या, म्हणजे सापांच्या पुस्तकांच्या कप्प्यापाशी नेलं (पुस्तकांच्या विषयवार वर्गवारीचे हे ड्युई नंबर पाठ करायला लावू नयेत, मुलाला हात धरून कप्प्यापर्यंत न्यावं, हे माझं ठाम मत आहे). मग तो खाली सतरंजीवर मांडी घालून बसला, दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवून. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात त्या बोटाने मोजत होता, घंटा झालेली कळलीच नाही त्याला!

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या सरांना सांगितलं तर तेच म्हणाले, उद्या वर्गात पुस्तकांची पेटी पाठवा, याच्याकडूनच साप ओळखायला शिकू. लगेच पेटी भरली, किशोरचे जुने अंकही टाकले त्यात. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आम्ही दरवर्षी मनापासून करतो, पण खरं काम अशा साध्या मंगळवारीच होतं असं मला फार वाटतं.

शाळा सुटल्यावर तो परत आला, रजिस्टरमध्ये सही केली आणि विचारलं, बाई, हे आजोबांना वाचून दाखवायचंय, दोन आठवडे ठेवू का?