तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाच्या शूटिंगवाल्याने आफ्टर इफेक्ट्स शिकावं का?

सीझन संपला की फोन सुरू होतात. "दादा, एडियसवर एडिटिंगचा हात बसलाय, आता आफ्टर इफेक्ट्स शिकू का, लग्नाच्या कामात परवडतं का?" आफ्टर इफेक्ट्स म्हणजे शूट झालेल्या शॉटमधून एखादी गोष्ट काढायचं किंवा नवीन बसवायचं सॉफ्टवेअर. हो म्हणालो तर लगेच रेट विचारतात आणि नको म्हणालो तर "स्वतः शिकलात आणि आम्हाला अडवता" हे ऐकून घ्यावं लागतं. मी कुणाला अडवत नाही. पण एका शब्दात उत्तर द्या म्हणाल तर ते माझ्याकडे नाही.

पैशाचं आधी सांगतो, ते लवकर संपतं. आफ्टर इफेक्ट्सचं भाडं चालूच राहतं, तुमच्याकडे मे महिन्यातल्या तारखा असोत की चातुर्मासातला रिकामा गल्ला. रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 2018 पासून अशाच कामाचं फ्युजन आतच आलंय, फुकटच्या व्हर्जनमध्येसुद्धा, त्यामुळे शिकायला आज रुपया लागत नाही. टायटल आणि पत्रिकेसाठी तर तयार टेम्प्लेट पडलेत, त्यासाठी कुणी रात्री जागवू नयेत. खरा खर्च वेळेचा आहे. चाळीस सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला 25 च्या हिशोबाने 1000 फ्रेम, आणि मास्क, म्हणजे काढायच्या भागाभोवती आखलेली कड, एकदा घसरायला लागला की त्यातली एकेक हाताने सरळ करावी लागते.

हे मला एका लग्नाने शिकवलं.

लग्न होऊन दोन महिने झाले होते, अल्बमसुद्धा गेला होता. मुलीचे वडील दुकानात आले आणि म्हणाले, मंगलाष्टकांच्या शॉटमधून मामाला काढा. मेव्हण्या-मेव्हण्यात देण्याघेण्यावरून फाटलं होतं. आता मंगलाष्टकांना मामा कुठे असतो ते तुम्हाला माहितीये, मुलीच्या अगदी पाठीमागे, पूर्ण वेळ. मी 6000 सांगितले, ते लगेच हो म्हणाले. मला तेव्हा पैशापेक्षा जास्त खुमखुमी होती की हे आपल्याला जमतंय का बघू.

अकरा रात्री गेल्या. शॉट गिंबलवरचा, म्हणजे हातात धरून फिरवलेल्या कॅमेऱ्याचा, स्टेज रिकामं असताना दहा सेकंदसुद्धा घेतलेलं नाही, म्हणजे क्लीन प्लेट नाहीच. मागची फुलांची भिंत दुसऱ्या शॉटमधून उचलली, ट्रॅक केली म्हणजे कॅमेऱ्याबरोबर हलेल अशी केली, मामाच्या जागी बसवली. मग मुंडावळ्या. मुलगी जरा हलली की मोत्यांच्या सरी झुलतात, आणि प्रत्येक मोत्याच्या कडेला मामाचा पांढरा शर्ट दिसतो. शेवटच्या "सावधान"ला अक्षता पडतात तिथे तर मी हातच टेकले, कारण मामासोबत त्याच्यासमोरच्या अक्षतापण गेल्या, तेवढ्याच जागेत पाऊस थांबल्यासारखा. शेवटी दुकानात काळा कपडा लावला, बायकोने वरून कुंकवाचे तांदूळ टाकले, ते शूट करून स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे काळं जाऊन फक्त तांदूळ दिसतील असं, वर चढवलं. बसलं. खरंच छान बसलं, मी तो शॉट चार जणांना दाखवला आणि कुणालाच कळलं नाही.

दीड वर्षानं मुलीची आई आली. एकटीच. म्हणाली, "भाऊ, त्या व्हिडिओत आमचा दादा कुठंच दिसंना, तो गेला मागच्या महिन्यात, जरा त्याचं तेवढं काढून द्या." तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मूळ फूटेज माझ्याकडे नव्हतं. एका कॅमेऱ्याचा तास म्हणजे 100 एमबीपीएसच्या रेकॉर्डिंगला 45 जीबी, एका लग्नाचं पाचशे-सहाशे जीबी सहज होतं, सहा महिन्यांनी डिस्क मोकळी करायची हा माझा नियम होता. मी तिच्यासमोर तो शॉट लावला, का लावला मला आजही सांगता येत नाही. तिसऱ्या अष्टकाला मुलगी किंचित मागे वळते आणि हसते. मागे फुलांची भिंत. आई म्हणाली, "ती त्याच्याकडंच बघतीय." एवढंच, आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली. नंतर सगळी डिस्क धुंडाळली तेव्हा टिझरसाठी वेगळ्या काढलेल्या क्लिपांमध्ये एक सापडली, बाजूने घेतलेली, चार सेकंदांची, मामा बाहीनं डोळे पुसतोय. ती पेनड्राइव्हवर दिली. पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होतं.

लगेच कुणी म्हणेल यात सॉफ्टवेअरचा काय दोष. मीही तेच म्हणायचो, पार्टीने सांगितलं, आपण केलं. पण येत नसतं तर मी सरळ "होत नाही" म्हणालो असतो आणि मामा तिथेच राहिला असता. मग असंही वाटतं, त्यांनी दुसरीकडून करून घेतलं असतं. आणि याच हातांनी मी एका मुलीच्या सप्तपदीत मधोमध आलेली मंडपवाल्याची शिडी काढलीय, त्या घरानं किती आशीर्वाद दिले. दोन्ही खरं आहे.

म्हणून शिकायचंच असेल तर ट्रायपॉडवरून रिकाम्या स्टेजचे दहा सेकंद घ्यायच्या सवयीपासून सुरुवात करा, निम्मी मेहनत वाचते. वस्तू काढायची तर बिनधास्त काढा. माणूस काढायला सांगितलं तर मी आता घरातल्या आणखी एकाशी बोलल्याशिवाय हात लावत नाही, यामुळे दोन कामं गेली. मूळ फूटेज पुसायचं तर मी बंदच केलंय, कपाटात डिस्क वाढत चालल्यात, दर सीझनला नवीन घ्यावी लागते आणि त्याचे पैसे कुठल्याच कोटेशनमध्ये धरता येत नाहीत. हे किती वर्षं जमेल ते अजून ठरवता आलेलं नाही.