ए-३२० आणि लोहगाव: उन्हाळा ते पावसाळा, प्रगतीची नोंद

मागच्या हिवाळ्यात एक ठरवलं: निघायचं कुठूनही, पण उतरायचं लोहगावलाच, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर. संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये सगळं जग हाताशी असतं. आज इन्सब्रुक, उद्या काठमांडू असं चालू राहतं आणि कुठल्याच धावपट्टीशी नीट ओळख होत नाही. आता उन्हाळा संपून पाऊस लागलाय, तर कुठवर आलोय ते लिहून ठेवतो. एअरबसचं ए-३२० हे प्रवासी विमान सिम्युलेटरवर शिकणाऱ्यांना यातलं बरंच कामी येईल.

सेटअप साधा आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, त्यात फ्लायबायवायर या गटाने बनवलेलं ए-३२० निओ, म्हणजे नव्या इंजिनांचं ए-३२०. ते फुकट मिळतं, ओपन सोर्स आहे आणि त्यातली माणसं किती मन लावून काम करतात हे प्रत्येक अपडेटला दिसतं. उड्डाणाचा प्लॅन सिमब्रीफ या साइटवर करतो आणि विमानातल्या फ्लायपॅड नावाच्या टॅबलेटवर उतरवून घेतो. टेबलाच्या डाव्या कडेला साइडस्टिक (विमान वळवायची दांडी), उजवीकडे थ्रस्ट लिव्हर (इंजिनांची ताकद कमी-जास्त करायचा दांडा), कारण कॅप्टनची स्टिक डाव्या हाताला असते. उजव्या हाताची सवय असलेल्यांना सुरुवातीला जड जातं, पण सोय म्हणून स्टिक उजवीकडे घेऊ नका. डावा हात हळूहळू तयार होतो.

आता लोहगावबद्दल. ही मुळात हवाई दलाची धावपट्टी, प्रवासी विमानं तिच्यावर पाहुणी. दिशा १०/२८ (एका बाजूने साधारण १०० अंशांकडे, दुसऱ्या बाजूने २८० अंशांकडे तोंड), लांबी २,५३५ मीटर, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,९४० फूट. मुंबईची मुख्य धावपट्टी याहून जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे आणि समुद्राच्या पातळीवर आहे. दिल्लीची सर्वांत लांब धावपट्टी तर चार किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे आपली धावपट्टी आखूडही आहे, उंचावरही आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत तापलेलीही असते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, हा माझ्या उन्हाळ्याचा सगळा अभ्यास.

एक उदाहरण मांडतो. डिसेंबरातली पहाट, तापमान १२ अंश. पुण्याच्या उंचीला प्रमाण वातावरणात ११ अंश धरतात, म्हणजे हवा अगदी पुस्तकातल्यासारखी. अप्रोचचा, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यातला वेग १३५ नॉट (तासाला तितके सागरी मैल) दाखवत असेल तर विमानाचा खरा वेग साधारण १३९ नॉट असतो. आता तीच धावपट्टी, तेच वजन, पण मे महिन्यातली दुपार आणि तापमान ४० अंश. हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने आपण १,९४० फुटांवर नसतो, ५,३०० फुटांच्या आसपास असतो. समोरच्या वेगपट्टीवर आकडा १३५च दिसतो, खरा वेग मात्र १४६ नॉट झालेला असतो. सात नॉटांनी काय बिघडतं असं वाटेल, पण ब्रेकला जी ऊर्जा गिळायची असते ती वेगाच्या वर्गाने वाढते. ती इथे दहा टक्क्यांनी जास्त होते.

हे ऑटोब्रेकवर, म्हणजे आपोआप लागणाऱ्या ब्रेकवर लावून बघितलं तेव्हा चित्र एकदम स्पष्ट झालं. ए-३२० मध्ये लो निवडलं तर स्पॉइलर (पंखांवरच्या फळ्या) उघडल्यावर चार सेकंदांनी ब्रेक लागायला लागतात आणि दर सेकंदाला वेग १.७ मीटर प्रति सेकंदाने उतरतो. मिडियमवर दोन सेकंदांनी लागतात आणि वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंदाने उतरतो. मेच्या त्या दुपारी चाकं टेकताना जमिनीवरचा वेग १४० नॉट, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर धरा. धावपट्टीच्या सुरुवातीपासून ४५० मीटरवर चाकं टेकली, तर लोवर विमान पूर्ण थांबेपर्यंत जवळजवळ सव्वादोन किलोमीटर जातात. उरतात कसेबसे पावणेतीनशे मीटर. मिडियमवर तेच विमान दीड किलोमीटरच्या आत थांबतं. लोहगावला मी उन्हाळ्यात डोळे मिटून मिडियम लावतो.

यातली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ऑटोब्रेक चालू असताना पूर्ण रिव्हर्स मारला, म्हणजे इंजिनांचा झोत पुढे फिरवला तरी विमान लवकर थांबत नाही, कारण ऑटोब्रेक वेग उतरण्याचा दर पकडून ठेवतो. रिव्हर्सने जेवढं काम केलं तेवढा ब्रेक सैल पडतो. रिव्हर्समुळे ब्रेक थंड राहतात, आणि अर्ध्या-पाऊण तासात परत निघायचं असेल तर तेच महत्त्वाचं. फ्लायपॅडमध्ये लँडिंगचं अंतर काढायची सोय आहे. तिथे वजन, तापमान, वारा भरून बघा आणि मग हाताने आकडेमोड करा. हाताने केल्यावर ते अंतर डोक्यात बसतं.

उतरणीचं गणित आता सवयीचं झालंय. दिल्लीहून पुण्याला येताना ३५,००० फुटांवरून खाली यायचं, तर घालवायची उंची ३३,००० फूट. हजार फुटांना तीन सागरी मैल या हिशेबाने ९९, वर वेग कमी करायला दहाएक मैल. म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर आधीच विमानाचं नाक खाली जायला हवं. नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती जागा मनमाडच्या थोडी अलीकडे येते. म्हणून मी आता स्क्रीनवरच्या मार्गाच्या मॅजेंटा (गुलाबी-जांभळ्या) रेषेबरोबर जमिनीकडेही बघतो. मनमाड येण्याआधी इंजिनं आयडलवर, म्हणजे कमीत कमी ताकदीवर नसतील तर पुढे गर्दी होणार हे नक्की. निओ घसरगुंडीसारखं उतरतं, त्याला एकाच वेळी खालीही आणायचं आणि हळूही करायचं हे फारसं मान्य नसतं. आधी एक, मग दुसरं.

दुसरी खूणगाठ. मुंबईच्या सवयीने धावपट्टीपासून ३० मैलांवर १०,००० फूट हे डोक्यात पक्कं असतं. पुण्यात जमीनच जवळजवळ २,००० फूट वर आहे. दहा मैलांवर ५,००० फूट, पाच मैलांवर ३,५०० फूट, एवढं लक्षात ठेवलं तर चार्ट न उघडताही आपण वर आहोत की खाली ते कळतं.

आता फ्लेअर, म्हणजे शेवटच्या ५० फुटांत नाक उचलून हळू टेकणं. सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घातला आणि मजाही यातच आली. ए-३२०चा संगणक ५० फुटांवर नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून ते नाक हळूहळू खाली दाबायला लागतो, आठ सेकंदांत उणे दोन अंशांपर्यंत. स्टिक सोडून बसलात तर विमान नाक पाडत जमिनीकडे जातं, म्हणून पायलटला साध्या विमानासारखं मागे ओढावंच लागतं. संगणकाने मुद्दाम दिलेला हा भार आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. फ्लायबायवायरच्या मॉडेलमध्ये तो हाताला जाणवतो.

मी आता असं करतो. विमान उरलेली उंची बोलून सांगतं, त्यातलं ‘फिफ्टी’ ऐकू आलं की नजर धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला. ‘थर्टी’ला मनगटानेच थोडं मागे, आणि तिथेच धरून ठेवायचं. एकदा ओढून मग सैल सोडलं की विमान तरंगतं, परत ओढलं की अजून तरंगतं, आणि आखूड धावपट्टीवर असे मीटर उधळायला परवडत नाही. ‘ट्वेंटी, रिटार्ड’ला थ्रस्ट लिव्हर क्लाइंबच्या खाचेतून सरळ आयडलपर्यंत मागे. उन्हाळ्याच्या दुपारी खरा वेग जास्त असल्यामुळे विमान मिनिटाला पावणेआठशे फुटांनी खाली येत असतं, थंडीत ते साधारण सव्वासातशे फुटांनी येतं. म्हणून उन्हात फ्लेअर किंचित आधी, ‘थर्टी’ ऐकू येण्याच्या जरा अगोदर सुरू करतो. एवढ्याशा बदलाने टचडाउन एकसारखे व्हायला लागले. मऊ टेकण्याच्या नादाला मी लागत नाही. पहिल्या ४५० मीटरच्या आसपास, मध्यरेषेवर, ठामपणे टेकलं की माझ्या लेखी लँडिंग उत्तम.

पावसाळा आला तशी दिशा फिरली. आम्ही टिंगरेनगरला राहतो. गच्चीवर उभं राहिलं की वारा कुठला आहे ते विमानंच सांगतात. पश्चिमेचा वारा पक्का झाला की उतरणारी विमानं वाघोलीच्या बाजूने २८वर येतात आणि उडालेली कळस-दिघीच्या अंगाने वर चढतात. सोसायटीतले एक काका हवाई दलातून निवृत्त झालेत, ते संध्याकाळी गच्चीवर असतात. मी फोनवर मेटार (विमानतळाचा हवामान-अहवाल) वाचत होतो तर म्हणाले, “अरे, आधी बाहेर बघ, ढग कुठे चाललेत ते. मग आकडे वाच.” तेव्हापासून सिम्युलेटरमध्ये लाइव्ह वेदर (आत्ताचं खरं हवामान) लावून बसण्याआधी मी गच्चीवर एक चक्कर मारतो. गच्चीवर जो वारा अंगावर घेतला तोच दहा मिनिटांनी स्क्रीनवर समोरून येतो, हा आनंद आपल्याच गावच्या विमानतळावर उडण्यात आहे.

पश्चिमेच्या झोतदार वाऱ्यात ए-३२०चं ग्राउंड स्पीड मिनी काय करतं ते आता नीट कळलं. एमसीडीयूच्या (विमानाच्या संगणकाचा कीपॅड आणि पडदा) अप्रोच पानावर टॉवरने सांगितलेला वारा भरायचा. अप्रोचच्या वेगात समोरच्या वाऱ्याचा तिसरा हिस्सा मिळवला जातो, कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १५ नॉट. त्यानंतर वाटेत समोरचा वारा वाढला की वेगपट्टीवरचा मॅजेंटा त्रिकोण आपोआप वर सरकतो. झोत ओसरल्यावर विमान एकदम हळू पडू नये म्हणून ही तजवीज. पण वारा भरलाच नाही तर हे सगळं चुकीच्या पायावर चालतं. पावसाळ्यात ते पान रिकामं सोडू नका.

बाकी थोडक्यात. व्हॅटसिमवर (सिम्युलेटरवाल्यांचं ऑनलाइन जाळं, तिथे माणसंच कंट्रोलर होतात) पुण्याला कंट्रोलर नसेल तर रेडिओच्या १२२.८ वर आपण काय करतोय ते बोलत राहा, इतरांना मदत होते. स्टिकचा कर्व्ह (स्टिक किती हलली तर विमानाला किती कळावं, तो आलेख) सरळ रेषेत ठेवा, एअरबसला वेगळा कर्व्ह लागत नाही. रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवायचे पायातले) अजून घेतलेले नाहीत, दिवाळीपर्यंत घेईन. आडव्या वाऱ्याचा सराव तेव्हाच.

पुढचं काम ठरलंय: २८वर गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं), एक इंजिन बंद, वजन ६६ टन, तापमान ४० अंश. दोन इंजिनांच्या विमानाला अशा वेळी अप्रोच फ्लॅपवर (फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा) कमीत कमी २.१ टक्के चढ देता यायला हवा, म्हणजे एका सागरी मैलाला १२८ फूट. डावीकडे वळलो तर तीसेक किलोमीटरवर ४,३०० फुटांचा सिंहगड उभा आहे, तेव्हा ही चढण कागदावर मांडूनच बसणार आहे. कुणी हे लोहगावला करून बघितलं असेल तर कोणत्या वजनाला किती चढ मिळाला आणि वळण कधी घेतलं, ते जरूर कळवा.