आधी राउटर बंद करा, मग लॅपटॉप उघडा

दुरून लोकांचे संगणक हाताळून अडचणी सोडवणं हे माझं काम. पावणेनऊला पहिला फोन आला. "अहो, ड्राइव्हमधलं फोल्डर दिसत नाहीये." असे फोन बहुतेक वेळा चुकीच्या खात्यामुळे येतात. ब्राउझरमध्ये दोन खाती उघडी असतात आणि माणूस घरगुती खात्यात ऑफिसचं फोल्डर शोधत बसतो. उजव्या कोपऱ्यातला फोटो कोणता दिसतोय ते विचारलं. खातं बरोबर होतं. तेवढ्यात दुसरा फोन आला, मग तिसरा. म्हणजे फोल्डर हरवलेलं नव्हतं, गेलेलंच होतं.

14 प्रकरणांचा संदर्भग्रंथ, त्यावर काम करणारी आठ माणसं आठ ठिकाणी, आणि सगळा मजकूर गूगल ड्राइव्हच्या, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन कपाटाच्या, एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाइली छपाईला जायच्या होत्या.

फोल्डर कोणाचं आहे, असं मी विचारलं तर प्रत्येकाने "आपलं" म्हणून सांगितलं. मोफत खात्यात 'आपलं' असं काही नसतं. प्रत्येक फाइलला एकच मालक असतो आणि बाकीच्यांना फक्त परवानगी असते. हे फोल्डर आधीच्या समन्वयक बाईंनी स्वतःच्या खासगी खात्यातून तयार केलं होतं. त्यांना काम सोडून आठ महिने झाले होते. निघताना त्यांच्याकडून किल्ल्या घेतल्या, ओळखपत्र घेतलं, पण मालकी बदलून घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

त्यांना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, रात्री साफसफाई केली. सगळ्यांकडे असेलच ना ते? मी फक्त माझ्याकडचं काढलं."

त्यांना बोल लावायची माझी तयारी नाही. मोफत खात्याला 15 जीबी जागा मिळते आणि त्यात जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह तिन्ही आले. शेअर केलेली फाइल कितीही जणांनी वापरली तरी तिची जागा मालकाच्याच हिशेबात धरली जाते. 1 जून 2021 पासून तर नव्याने तयार केलेले गूगल डॉक्सही, म्हणजे ब्राउझरमध्येच लिहायचे दस्तऐवज, त्यात मोजले जातात. म्हणजे आठ महिने आमचा ग्रंथ त्यांच्या घरच्या फोटोंच्या मांडीला मांडी लावून बसला होता. जागा भरली की मेल येणं-जाणं थांबतं. त्यांनी आकारानुसार यादी लावली आणि वरच्या फाइली उडवल्या. वर आमच्याच होत्या, म्हणून त्यांच्यासोबत फोल्डरही गेलं. नुसतं डिलीट करून जागा मोकळी होत नाही, म्हणून कचरापेटीही रिकामी केली. पेटी तशीच ठेवली असती तर 30 दिवस हातात होते. मालक कायमचं पुसत नाही तोवर बाकीच्यांना फाइलची प्रतही करून घेता येते.

ड्रॉपबॉक्स या ड्राइव्हसारख्याच दुसऱ्या सेवेत शेअर केलेलं फोल्डर प्रत्येक सदस्याच्या जागेत धरतात, आणि मोफत जागा जेमतेम 2 जीबी. यावर मी वर्षानुवर्षं कुरकुर केली आहे. त्या सकाळी तो नियम एकदम शहाणपणाचा वाटला.

पेटी रिकामी झाल्यावर फाइल परत मिळेल याची खात्री कोणी देत नाही. मालकाने विनंती करून बघायची. बाईंनी लगेच केली, पण तिच्यावर भिस्त ठेवून बसायला वेळ नव्हता. आधी मोजणी केली. आठ प्रकरणं वर्ड फाइलींत आणि सहा गूगल डॉक्समध्ये.

फोल्डर मालकाने उडवलं तरी त्यात दुसऱ्यांनी तयार केलेल्या फाइली मरत नाहीत, फक्त बेघर होतात. शोधपट्टीत 'owner:me' (म्हणजे 'मालक मी') टाइप केलं की सापडतात. हे फोनवर समजावण्यापेक्षा एकेकाच्या संगणकात क्रोम रिमोट डेस्कटॉपने शिरणं सोपं. समोरच्याने मदतीसाठीचा 12 अंकी कोड तयार करायचा, तो पाच मिनिटांत वापरायचा, आणि मग आपण त्याचा पडदा चालवायचा. यात तांत्रिक अडचण कमी आणि मराठीची जास्त. "एकोणसाठ" म्हणजे 59 की 69 यावर दोघांचं एकमत होईतो पाच मिनिटं संपतात. म्हणून माझा नियम असा की एकेक आकडा सुटा सांगायचा, आणि मी तोच पुन्हा वाचून दाखवायचा. अशा पाच घरांत डोकावून दोन प्रकरणं सापडली. त्यांचे मालक ते ते लेखकच होते.

आता राहिली बारा. एवढ्यात आठवलं की प्रूफं तपासणाऱ्या मॅडमच्या लॅपटॉपवर ड्राइव्हचं ॲप आहे. मीच बसवलं होतं, 'मिरर' पर्याय निवडून. 'स्ट्रीम'मध्ये फाइली ढगातच, म्हणजे गूगलच्या संगणकांवरच, राहतात, उघडली तेवढीच खाली येते. 'मिरर'मध्ये पूर्ण प्रत डिस्कवर असते. मॅडम तीन दिवस बाहेरगावी होत्या, रात्री उशिरा परतल्या होत्या, आणि लॅपटॉप तीन दिवस झाकण मिटूनच होता.

पोटात गोळा आला तो इथे. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, तो आरसाच. झाकण उघडलं की लॅपटॉप जागा होणार, काही सेकंदांत वायफाय धरणार, आणि ढगात जे पुसलं गेलंय ते डिस्कवरूनही पुसून टाकणार. तेही अगदी इमानदारीत.

मॅडमना फोन लावला. "लॅपटॉपला हात लावू नका."

"का हो? आत्ताच टेबलावर ठेवलाय."

"आधी राउटर बंद करा. बटण नको, सरळ प्लग काढा."

फोन कट झाला. त्या व्हॉट्सॲपवर वायफायवरून बोलत होत्या. साधा कॉल केला. मग मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करायला लावला, कारण लॅपटॉपला तो ओळखीचा होता आणि राउटर नाही म्हटल्यावर त्याने तोच धरला असता. मग झाकण उघडायचं, पहिल्याप्रथम विमान मोड लावायचा, खालच्या पट्टीतल्या ड्राइव्हच्या चिन्हावर जाऊन ॲप पूर्ण बंद करायचं, आणि त्यानंतर फोल्डर कापायचं नाही, कॉपी करायचं, पेनड्राइव्हवर.

रिमोट ॲक्सेसवर पोट असलेला माणूस, आणि दिवसातलं सगळ्यात नाजूक काम नेट बंद ठेवून, नुसत्या तोंडाने करायचं. मॅडमना "उजवं क्लिक" म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, हे आमचं नशीब. चाळीस मिनिटं लागली.

आठही वर्ड फाइली शाबूत होत्या. त्याच फोल्डरात गूगल डॉक्सही दिसत होते, नावं बरोबर, तारखा बरोबर. मॅडम खूश झाल्या. मी आकार वाचायला सांगितला. प्रत्येकी 1 केबी. डिस्कवर दिसणारी गूगल डॉकची फाइल म्हणजे नुसता पत्ता असतो, मजकूर नव्हे. घर पाडल्यावर पत्त्याची चिठ्ठी घेऊन काय करणार? अशा चिठ्ठ्या पेनड्राइव्हवर घेऊन "आमचा बॅकअप आहे" म्हणणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यांना सांगितलं की त्यांना मीच खोटा वाटतो.

एक आशा होती. मॅडम प्रवासात काम करतात म्हणून क्रोममध्ये डॉक्सची ऑफलाइन सोय चालू केलेली होती. तीत अलीकडे उघडलेले दस्तऐवज ब्राउझरच्या साठ्यात राहतात. नेट बंदच ठेवून डॉक्सचं पान उघडलं. हरवलेल्या चारपैकी दोन प्रकरणं उघडली. सगळा मजकूर निवडून वर्डमध्ये चिकटवला. बदलांचा इतिहास गेला, मजकूर वाचला. तिसरं प्रकरण एका लेखकाच्या जीमेलमध्ये पीडीएफ जोडपत्र म्हणून मिळालं, चार दिवसांपूर्वीचं.

चौथ्याची, म्हणजे अकराव्या प्रकरणाची, तीन आठवड्यांपूर्वीची कागदावरची छापील प्रत तेवढी होती. त्यावरच्या दुरुस्त्या सूचनांच्या मेलमधून जुळवत बसलो. डॉकमध्ये कोणी टिप्पणी केली की मेल जातो आणि त्यात ज्या शब्दांवर टिप्पणी आहे ते शब्दही असतात. चिंध्यांची गोधडी झाली, पण अंगावर घेण्यासारखी नव्हती. छपाई चार दिवस पुढे ढकलली.

आता फोल्डर कामासाठीच काढलेल्या वेगळ्या खात्यावर आहे. दोन टप्प्यांची पडताळणी, आणि राखीव कोड कागदावर दोघांकडे. फोल्डरची मालकी बदलली म्हणून आतल्या फाइलींची बदलत नाही, हे लोकांना पटवण्यात एक दुपार गेली. शेवटी सगळ्या फाइली नव्या खात्यातूनच पुन्हा चढवल्या. दर शुक्रवारी पूर्ण फोल्डर डाउनलोड होतं. झिप (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) करताना ड्राइव्ह डॉक्सचं वर्डमध्ये रूपांतर करतो, त्यामुळे हातात खरा मजकूर येतो. ही झिप ढगाशी न जोडलेल्या डिस्कवर जाते आणि जुनी झिप पुसायची नाही. वरिष्ठांनी विचारलं, "फुकटच्या सोयीसाठी एवढा खटाटोप?"

एक गोष्ट मात्र अजून सलते. वर्डला चिकटून बसलेल्या, फाइलीला 'अंतिम_अंतिम_2' नाव देणाऱ्या लेखकांच्या मी दोन वर्षं मागे लागलो होतो की डॉक्सवर या, एकाच वेळी सगळ्यांना लिहिता येतं, इतिहास राहतो. सहा प्रकरणं माझ्या आग्रहामुळे डॉक्सवर आली होती. अकरावं त्यातलंच.

ते त्याच्या लेखकाने चार दिवसांत पुन्हा लिहून दिलं. आधीच्यापेक्षा चांगलं उतरलंय असं सगळे म्हणतात. ताडून बघायला आधीचं शेवटचं रूप कोणाकडेच नाही.