शिरा पुन्हा आवळल्या: कॅथसाठी परगावी जाताना

लेकाच्या फुप्फुसाच्या शिरा परत अरुंद झाल्या आणि आम्ही कॅथसाठी, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन करायच्या उपचारासाठी, पुन्हा बॅगा भरल्या. तान्हेपणी त्याचं टीएपीव्हीसीचं (फुप्फुसाच्या शिरा हृदयाला चुकीच्या जागी जोडल्या जाण्याच्या जन्मजात दोषाचं) ऑपरेशन झालं होतं. अशा काही बाळांच्या शिरा नंतर आतून जाड होत जातात. मग शुद्ध रक्ताला हृदयात यायला वाट उरत नाही, ते फुप्फुसात तुंबतं, बाळाला धाप लागते, वजन वाढेनासं होतं. वरवर न्यूमोनियाच वाटतो.

विमानाने जाणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. केबिनमधली हवा २४०० मीटर उंचीवरच्यासारखी विरळ असू शकते. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) काठावर असेल तर ऑक्सिजनची सोय आणि एअरलाइनसाठीचं पत्र आधीच हवं. इको-सीटीचे नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही, सीडीही न्या. डॉक्टर चित्रं स्वतः बघतात.

कॅथ भूल देऊन होते. जांघेतून नळी वर नेतात, हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधला पडदा ओलांडून अरुंद शिरेत बलून फुगवतात. स्टेंटचा (शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचा) निर्णय बहुधा टेबलावरच होतो. छोटा स्टेंट मूल वाढलं की अपुरा पडतो, शिवाय आतून भरतोही. नंतर काही तास पाय सरळ ठेवायचा! रांगत्या पोराला हे कोण समजावणार? मोबाईलवरच्या गाण्यांनी तारलं. पाऊल गार लागलं किंवा पट्टी ओली झाली तर सिस्टरना लगेच हाक मारा. घरी आल्यावर खोकल्यातून रक्त पडलं तर थेट इमर्जन्सी गाठा.

कॅथऐवजी ऑपरेशनही करता येतं. त्यात ‘सूचरलेस’ पद्धत असते: टाके शिरेच्या कापलेल्या कडेला न घालता भोवतीच्या पेरिकार्डियमला (हृदयाभोवतीच्या आवरणाला) घालतात. आमचा अडथळा फुप्फुसात खोलवर होता, म्हणून कॅथ. सर्जन आणि कॅथचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात का, हे मात्र जरूर विचारा. माझ्या मते हॉस्पिटल निवडताना हाच प्रश्न सर्वांत मोठा.

सिरोलिमस (शिरा परत जाड होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू झालं तर त्याची रक्तातली पातळी पुढच्या डोसच्या आधी तपासतात, तेव्हा सकाळी औषध देऊन लॅबमध्ये जाऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने ती पातळी चढते. जिवंत विषाणूंच्या लसीही विचारल्याशिवाय नकोत. गावच्या बालरोगतज्ज्ञांना हे लेखी द्या.

परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा. आणि निघण्याआधी पुढच्या इकोची तारीख पक्की करून घ्या; एका बलूनवर हे सहसा संपत नाही.