गुरामीची मारामारी आणि उन्हाळ्यातला अर्धा टँक

थंडीभर गुण्यागोविंदानं राहिलेले गुरामी मासे एप्रिलमध्ये अचानक एकमेकांच्या जिवावर उठतात. लातूर, बीड, परभणीकडच्या फिशटँकवाल्यांची ही तक्रार नेहमीची. यावर बहुतेक जण खाणं वाढवतात. त्यानं पाणी खराब होतं, मारामारी थांबत नाही, कारण भांडण खाण्याचं नसतंच. ते पाण्याच्या वरच्या थरातल्या जागेचं असतं.

नर गुरामी पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो आणि त्याच्या आसपास कुणालाच फिरकू देत नाही, कधीकधी विणीला तयार नसलेल्या मादीलाही. पाणी कोमट झालं आणि पातळी उतरली की त्याला विणीची चाहूल लागते. पिल्लं काढणारे मुद्दाम पाणी 6 ते 8 इंचांवर आणतात आणि तापमान 28 अंशांपर्यंत चढवतात. आपल्याकडे उन्हाळाच ते करून देतो. पाणी 30-32 अंशांवर जातं, कोरड्या हवेत झपाट्यानं उडतं आणि नळाला आठवड्यानं पाणी येत असेल तर टँक भरायचा राहून जातो. उथळ, गरम पाण्यात दोन नर म्हणजे भांडण ठरलेलंच.

म्हणून पहिला उपाय पातळी भरून काढण्याचा. पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात. त्यावर बोअरचं जड पाणी ओतत गेलं तर टँक आणखी जड होतो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या शुद्ध पाण्यानं घाला. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार जास्त असतात. आठवड्याचा 20 टक्के पाणीबदल नेहमीच्या पाण्यानं करा. नळाचं असेल तर 24 तास उघडं ठेवून किंवा अँटीक्लोरीन घालून मगच टाका. काढलेलं पाणी कुंड्यांना उत्तम.

तापमानासाठी छोटा पंखा पृष्ठभागावर तिरपा लावा. कोरड्या हवेत 2 ते 3 अंश सहज उतरतात, फक्त पाणीही जास्त उडतं, तेव्हा रोजची भर धरूनच चाला. बर्फ थेट टाकू नका. दिवा 6-7 तासांवर आणा.

आता खरेदीबद्दल, कारण निम्मी भांडणं दुकानातूनच घरी येतात. निळा, सोनेरी आणि ओपलाइन हे तीन वेगळे मासे वाटतात, पण ती एकाच थ्री-स्पॉट गुरामीची रंगरूपं आहेत. लाल, निऑन आणि पावडर ब्ल्यू ड्वार्फ गुरामीचंही तसंच. रंग बदलला म्हणून नर दुसऱ्या नराला परका समजत नाही. शिवाय ड्वार्फची ‘जोडी’ मागितली की बहुधा दोन रंगीत नरच हातात पडतात. मादी चंदेरी-राखाडी असते, म्हणून दुकानदार ती ठेवतच नाहीत. पाठीवरचा पर बघा: नराचा लांब आणि टोकदार, मादीचा आखूड आणि गोलसर.

थ्री-स्पॉट 5 ते 6 इंचांचा होतो. 3 फुटी टँकमध्ये एकच नर आणि दोन-तीन माद्या, बस्स. 2 फुटी टँकमध्ये तो नकोच. तिथे हनी गुरामी ठेवा, तो शांत आणि दोन इंचांच्या आतबाहेर असतो. मोठ्या टँकसाठी मला पर्ल गुरामी सगळ्यात पसंत. देखणा आहे आणि भांडणाची खोड कमी. गुरामीसोबत फायटर मासा नको. टायगर बार्बही नको, तो गुरामीच्या दोऱ्यासारख्या मिशा कुरतडतो.

आडोसा तळाशी दगड रचून होत नाही, तो वर लागतो. पिस्टिया किंवा साल्विनिया या तरंगत्या वनस्पतींनी निम्मा पृष्ठभाग झाका, बाकी मोकळा ठेवा. मध्ये उंच वनस्पतीची भिंत करा, म्हणजे एका टोकाचा नर दुसऱ्या टोकाला दिसणार नाही. खाणंही दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका.

मार खाणारा मासा ओळखायचा कसा? पर फाटलेले, रंग उतरलेला, फिल्टरमागे कोपऱ्यात चिकटलेला. हे दिसलं की थांबू नका. गुरामीला वर येऊन हवा घ्यावीच लागते. दादा नर पृष्ठभाग अडवून बसला तर दबलेला मासा नुसत्या जखमांनी नाही, गुदमरूनही मरतो.

अशा वेळी बाजूला काढायचा तो मारणारा. मार खाणाऱ्याला काढलं तर दादाची हद्द पक्की होते आणि तो पुढचं गिऱ्हाईक शोधतो. मारणाऱ्याला टँकमध्येच अडकवलेल्या जाळीच्या पेटीत 4-5 दिवस ठेवा. पेटीचं वरचं तोंड पाण्याबाहेर हवं, म्हणजे त्याला हवा घेता येते. तेवढ्यात घरटं मोडा, दगड-लाकडं-झाडं सगळी हलवा, ओळखीचा एकही कोपरा ठेवू नका. मग दिवा बंद करून, इतरांचं खाणं झाल्यावर रात्री त्याला सोडा. सकाळी तो नव्या जागेत चाचपडत असतो, तोवर बाकीच्यांनी आपापले कोपरे धरलेले असतात.

दोनदा हे करूनही पाठलाग सुरूच राहिला तर तो नर समूहात ठेवण्यासारखा नाही. त्याला वेगळा टँक द्या किंवा दुकानात परत करा, आणि त्याच्या जागी दुसरा नर लगेच आणू नका. आधी उन्हाळा उतरू द्या.