१७ नंबरचा फॉर्म, भूमिती आणि मी

नववीनंतर शाळा सुटली त्याला २० वर्षं झाली होती, मग १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा अर्ज, भरला आणि दहावीला बसले. दुकानाचा हिशोब मी तोंडी करते पण त्रिकोणात एक्स लिहिलेला दिसला की पेन खालीच ठेवायचे. आणि दहावीच्या पुस्तकात हे परत शिकवत नाहीत, येतंय असं धरूनच पुढे जातात.

नववीतला मुलगा म्हणाला, अगं आई, तिन्ही कोन मिळून १८० एवढंच लक्षात ठेव. मी म्हटलं पण का? त्याने कॅलेंडरच्या जुन्या पानाचा एक वेडावाकडा त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडले, टोकं एका जागी जुळवून शेजारी शेजारी ठेवली तर खालची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ! मी अजून तीन कापले, एक तर अगदी चपटा, तरी सरळच. मग पाठ करायला काही उरलंच नाही.

पहिलं गणित, कोन एक्स, एक्स + २० आणि २ एक्स. बेरीज ४ एक्स + २० = १८०, म्हणजे ४ एक्स = १६०, एक्स ४०. इथेच मी थांबायचे, ४० लिहून मोकळी. पण विचारलेत कोन! ४० परत जागेवर टाकायचा, ४०, ६०, ८०, आणि बेरीज करून बघायची.

खरा त्रास बाह्यकोनाने दिला, म्हणजे त्रिकोणाची एक बाजू पुढे वाढवली की बाहेर होतो त्या कोनाने. बाहेरचा ११०, दूरचे आतले दोन एक्स + १० आणि ३ एक्स. मी तिन्हींची बेरीज १८० धरली, एक्स १५ आला, इतका स्वच्छ आला की बरोबरच वाटलं. पडताळा घेतला तर आतले कोन २५, ४५ आणि ११० च्या शेजारचा ७०, बेरीज १४० च. दोन दिवस तिथेच अडकले होते. मग लक्षात आलं की ११० त्रिकोणाच्या आत नाहीच, तो म्हणजे त्या दूरच्या दोघांची बेरीज. ४ एक्स + १० = ११०, एक्स २५, कोन ३५, ७५, ७०.

पेपरात वर्तुळ आलं, आत दोन त्रिज्या आणि त्यांची टोकं जोडणारी रेघ असा त्रिकोण, केंद्रापाशी १०० चा कोन. दोन त्रिज्या सारख्या म्हणजे खालचे दोन्ही कोन एक्स, २ एक्स + १०० = १८०, एक्स ४०. समासात ४० + ४० + १०० लिहून बघितलं आणि पान उलटलं.